काचेमागे बसवलेली बाई

सकाळी दुकान उघडले, तेव्हा पायरीवर पुन्हा ताजे बेलपत्र ठेवलेले होते. शेठजींनी ते उचलले आणि माझ्याकडे पाहिले.

"शास्त्री, गिऱ्हाईक एक नाही आणि बेल मात्र रोज. हे दुकान आहे का देऊळ?"

पाठशाळेतील संस्कृत अध्ययन संपवून, मॅट्रिक होऊन मी मुंबईच्या कॉमर्स कॉलेजात शिकत होतो. म्हणून शेठजी मला थट्टेने शास्त्री म्हणत. मालाची मांडणी आणि ग्राहकाची पारख हे आमचे विषय. सुट्टीत एखाद्या दुकानात काम करून रिपोर्ट लिहावा लागे. शेठजींनी मोडनिंबचे दुकान मोडून सोलापूरच्या शुक्रवार पेठेत साड्यांचे हे नवे दुकान थाटले होते. सारी भिस्त वैशाखातल्या लग्नसराईवर होती. ती हुकली असती, तर परत जायला मोडनिंबला काही उरले नव्हते.

विंडो डिस्प्ले म्हणजे रस्त्याकडील काचेमागे माल असा मांडणे, की जाणाऱ्याचे पाऊल थांबावे. त्यासाठी मी मुंबईहून एक जुना मेणाचा स्त्रीपुतळा आणला होता. सोलापूरचे ऊन त्याला मानवले नाही. प्रथम गुडघे वाकले, म्हणून मी त्याला उंच पाठीच्या खुर्चीवर बसवले. मग मान कलू लागली. ती कापडाच्या पट्टीने खुर्चीला बांधली. पापण्या ओघळून डोळे अर्धे मिटले. त्याला उपाय नव्हता.

"ग्राहकाची श्रद्धा ओळखा," असे आमचे प्रोफेसर सांगत. पेठेत शिवभक्तांची वस्ती मोठी. मी स्नान करून, भक्तिभावाने पुतळ्याच्या कपाळी भस्माचे पट्टे ओढले. दुकानातली सर्वांत उंची हिरवी साडी नेसवली, गळ्यात झेंडू आणि बेलाची माळ घातली, बाजूला समई लावली.

पावले थांबली. सर्वांचीच थांबली. माणसे वहाणा काढीत, हात जोडीत आणि न बोलता पुढे जात. बायका तोंडाला पदर लावीत. एकदा वाजतगाजत वरात आली. आमच्या काचेपाशी येताच वाजंत्री बंद झाली. सारी मंडळी खाली मान घालून पुढे गेली, आणि कोपरा ओलांडल्यावर सनई पुन्हा सुरू झाली. भाव मात्र कोणी विचारला नाही.

त्याच दिवशी दिवेलागणीला समोरच्या घरातील शांतव्वा पायरीपर्यंत आली. ती लिंगायत घरातील वडीलधारी बाई. पेठेत तिच्या शब्दाला मान होता.

"शेठ, ही तुमची कोन म्हनायची?"

"कोणी नाही, अव्वा. मेणाचा पुतळा आहे."

"मेनाचा हाय ते दिसतंय की. आमी काय आंधळं हाय?"

"मग लोक हात का जोडतात?" मी विचारले.

"बसिवलीया, भसम लावलंय, बेल घातलाय, मान बांधलीया. आमच्यात मानूस गेलं की असंच बसिवत्यात, बाबा. मेनाचं असू दे, न्हाय तर मातीचं. एकदा बसिवलं की न्यावं लागतं." तिने काचेकडे पाहिले. "लई दिस ताटकळलीया बिचारी. उचलनार कवा?"

मी मागे वळून पाहिले. पट्टी घट्टच होती, तरी मान सकाळपेक्षा खाली आली होती, जणू बोलणे ऐकत होती.

"आत्ता काढून माळ्यावर टाकतो," शेठजी घाईने म्हणाले.

"टाका की! मग बघा, लगीनघरची कोन बाई तुमची पायरी चढती ते."

शेठजींनी रिकाम्या दुकानाकडे पाहिले. मग म्हणाले, "बोलवा कोणाला बोलवायचे ते."

सकाळी शांतव्वा आपल्या पुरोहितांना, जंगम स्वामींना, घेऊन आली. तेही हसले नाहीत. खुर्चीसकट पुतळा उचलला गेला. दोन्ही बाजूंची दुकाने, तो पुढे जाईपर्यंत, फळ्या ओढून घेत होती. गावाबाहेर खड्डा तयार होता. त्यात तो बसवताना शेठजी पुटपुटले, "निदान साडी तरी..." आणि स्वतःच थांबले. माती पडू लागली, तशी बायकांतून एक हुंदका आला. तो कोणासाठी, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. मी मनात शिवनाम घेत उभा राहिलो.

आम्ही दुकान धुऊन घेतले. काचेमागे एक घडी घातलेली साडी ठेवली. बाकी काही नाही. संध्याकाळी शांतव्वा आपल्या नातीला आणि तिच्या सासरच्या बायकांना घेऊन आली.

"शेठ, भाव नीट सांगा. सकाळीच तुमची अब्रू राखलीया मी!"

"अव्वा, माझी उंची साडी मातीत गेली!"

"ती तिची व्हती. आता आमची दावा."

त्या हंगामात शेठजींना मोडनिंबची आठवण काढावी लागली नाही. माझा रिपोर्ट प्रोफेसरांनी परत पाठवला, वर शेरा होता: "विषयांतर." मी पुढे जन्मभर याच व्यवसायात राहिलो, आणि त्या रिपोर्टातली एक सूचना नव्या सेल्समनांना सांगत आलो. काचेपुढे पाऊल थांबले, तर आधी बाहेर जाऊन ते का थांबले हे विचारावे. साडी त्यानंतर उलगडावी.