तोंडाचं काम

आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत फौजेची पेन्शन दोघांना येत असे, आणि दोघेही माझेच. एक काका, एक मामा. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. ते छावणीतल्या रसदखात्यात कारकून होते. त्यांनी पीठ तोलून घेतलं, तूप तोलून दिलं, आणि शत्रू म्हणून उभ्या नोकरीत फक्त उंदीर पाहिले. वय झाल्यावर सरकारने त्यांना हार घालून निरोप दिला आणि जन्मभराची पेन्शन बांधून दिली.

मामा दुर्गाघाटावरचे वैदिक. पलटणीला पंडित हवा होता म्हणून गेले. जर्मनीच्या लढाईत पलटण बसऱ्याकडे निघाली, तिच्याबरोबर तेही गेले, आणि एका शिपायाला मंत्राग्नी देत असताना तोफगोळ्याने त्यांचा उजवा हात कोपरापासून नेला.

काकांची पेन्शन भरघोस, मामांची तिच्या निम्मीही नाही. ते एक वेळ सोसलं असतं. खरी मौज पुढेच आहे. काकांना कधी कोणी विचारलं नाही, की तुम्ही अजून म्हातारे आहात का. मामांना मात्र मधूनमधून छावणीत डॉक्टरांच्या बोर्डापुढे उभं राहावं लागे. हात अजून गेलेलाच आहे ना, आणि गेला असला तर त्यावाचून या माणसाचं कितीसं अडतं, हे बोर्ड तपासून पाही. अडणं कमी झालं की पेन्शन कमी. ‘पंडितजी, यंदा हात कुठवर उगवला?’ असं गल्लीतले पानवाले विचारत, आणि मामा गंभीर चेहऱ्याने सांगत, मनगटापर्यंत आलाय, बोटं श्रावणात फुटतील.

परत आल्यावर समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त ब्रह्माघाटच्या शास्त्रीमंडळींनी त्यांच्याकडून यथासांग करवून घेतलं. मंडळींना दक्षिणा मिळाली आणि मामा शुद्ध झाले. हाताला मात्र प्रायश्चित्त सापडेना. अंगाने उणा ब्राह्मण श्राद्धाच्या पानावर बसवत नाहीत, होमाला घेत नाहीत, आणि डाव्या हाताने घेतलेली दक्षिणा देणाऱ्याला फळत नाही म्हणतात. तेव्हा मामांची चूल पेटे ती पेन्शनीवरच.

त्या वर्षी काका बातमी घेऊन आले, की बोर्डात नवा साहेब आलाय आणि तो भराभर पेन्शनी छाटतोय. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होतो आणि गणेशोत्सवात नाटकं बसवत होतो. म्हणजे दुभाषा मीच आणि दिग्दर्शकही मीच. आमच्या गच्चीवर तालीम सुरू झाली. काका साहेब झाले. आयुष्य छावणीत काढल्यामुळे साहेबाचं खुर्चीत रेलणं, खाकरणं, माणसाकडे न बघता बोलणं, सगळं त्यांना येत होतं. फक्त पान थुंकायला दर दोन वाक्यांनी साहेब कठड्यापाशी जात.

मी मामांना सांगितलं, बाही खोचायची नाही, मोकळी लोंबू द्यायची. वाऱ्याने हलली तर उत्तम.

“हात नसलेल्याला हात नसल्याचं सोंग शिकवतोस होय रे?” मामा म्हणाले.

“मामा, खरं आहे ते खरं दिसायलाही तालीम लागते.”

काकांनी दरडावून विचारायचं, पहले क्या काम करता था? मामांनी मान खाली घालून सांगायचं, पूजा, होम, सब दाहिने हाथ से, अब कुछ नहीं. मामा ते छान म्हणत. मामी जिन्याच्या दारात गहू पाखडत बसली होती. ती म्हणाली, यांना म्हणावं तेवढंच बोला, आणि पुढे तोंड शिवून टाका.

बोर्डाच्या दिवशी एक्क्याने छावणीत गेलो. व्हरांड्यात पाय नसलेले, डोळे नसलेले बाकांवर बसलेले. कोणाचं किती गेलं आणि कोणाला किती मिळालं, याचीच चर्चा. आमची हाक आली. साहेब तरणाबांड, सभ्य माणूस. त्याने काकांसारखं दरडावलं नाही, तिथेच आमचा अंदाज चुकला. मामांनी आपलं वाक्य बोट ठेवायला जागा नाही असं म्हटलं. बाहीसुद्धा हलली. मी मनातल्या मनात पडदा पाडला.

तेवढ्यात साहेबाने मला विचारलं, की पुरोहिताचं बरंचसं काम स्मरणाचं असतं ना? तोफांच्या धक्क्याने कित्येकांची स्मृती जाते, यांचीही गेली का? बिचारा आणखी चार पैसे देण्याची सोय बघत होता. मी ते मामांना सांगितलं, आणि डोळ्यांनी ‘हो म्हणा’ अशी खूण केली. इतक्या जोराने केली, की साहेबाने माझ्या डोळ्यात काही गेलं का म्हणून चौकशी केली.

मामांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मुंज झाल्यापासून गुरूच्या छड्या खाऊन ज्याने वेद कंठात बसवला, त्याला विचारलं होतं, की तू विसरलास का. ते ताठ झाले. डोळे मिटले आणि घनपाठ सुरू केला. एकेक शब्द पुढे, मागे, पुन्हा पुढे, वेणी घालावी तसा. व्हरांड्यातली बडबड थांबली. साहेबाने लेखणी खाली ठेवली. मी बसवलेल्या एकाही नाटकात असा प्रवेश झाला नाही, आणि कुठल्याही नटाने आपलं नाटक इतकं साफ बुडवलंही नाही.

संपल्यावर साहेब मनापासून ‘वंडरफुल’ म्हणाला. मग लेखणी उचलून लिहू लागला.

निकाल यायला फार दिवस लागले नाहीत. इसमाचा पूर्वीचा धंदा तोंडाचा, तोंड शाबूत, सबब पेन्शन कमी. इतकी कमी, की ती आणायला कचहरीत जाण्याचं एक्क्याचं भाडं जेमतेम सुटावं.

मामी रडली नाही. तिने एवढंच विचारलं, “विसरलो म्हणायला काय जात होतं?”

“एक हात त्यांनी नेला,” मामा म्हणाले. “हे कंठातलं मीच नेऊन द्यायचं होतं?”

पुढच्या चैत्रात काकांनी वसंतपूजा केली. त्यांच्या पेन्शनीतून गच्चीची दुरुस्ती झाली होती, त्याचा आनंद. ब्रह्माघाटचे सगळे वैदिक आले, दोन ओळींत बसले, मंत्रजागर झाला. ओळीच्या शेवटी मामा येऊन बसले. एका शास्त्रीबुवांनी हळूच सुचवलं, की ऐकायला जिन्यापाशी बसावं. मामा म्हणाले, सरकारने मला धडधाकट ठरवलंय, तुम्ही सरकारापेक्षा मोठे का? शास्त्रीबुवांनी सरकून जागा दिली.

काका दक्षिणा वाटत निघाले. गंध, फूल, रुपया. ज्याला एक ऋचा सरळ म्हणता येत नव्हती तो दाता, आणि समोर उजवे हात पसरलेली विद्या. मामांपाशी काका थांबले. रुपया ठेवायला समोर हात नव्हता. डाव्या हातावर ठेवला, तर ब्रह्माघाट उद्या काकांकडे पाणी पिणार नाही.

“पंडितजी,” काका पुटपुटले, “घरी पाठवून देतो.”

“बाबूसाहेब, काम तोंडाचं आहे,” मामा म्हणाले, आणि त्यांनी काकांपुढे तोंड उघडलं. दात दिसावेत, टाळू दिसावी, इतकं. आणि उघडंच ठेवलं.

ओळीत कोणी तरी हसलं, मग ते हसू कुणालाच पुढे नेता येईना. काका वाकले. त्यांनी रुपया मामांच्या पुढ्यात फरशीवर ठेवला आणि मान खाली घालून जिना उतरले. मामांनी तोंड मिटलं. रुपयाकडे पाहिलं नाही. पुढची ऋचा कोणी सुरू करीना, तेव्हा त्यांनीच केली, आणि सगळ्या ओळीला त्यांच्यामागून म्हणावी लागली.

गच्ची रिकामी झाल्यावर मामी वर आली. तिने रुपया उचलला, पदराने पुसला, आणि पदरालाच बांधला.