अंजुमच्या खात्यावरचा होल्ड

कोल्हारात मिरचीच्या सीझनला अंजुमच्या कांडपावर बायका पोती टाकतात आणि खुशाल बाजाराला निघून जातात. इतर ठिकाणी मशीनसमोर डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्या बाया इथं मागं वळूनसुद्धा बघत नाहीत. नवरा गेल्यावर अंजुमनं हे कांडप टाकलं आणि दोन्ही पोरींची शिक्षणं त्यावरच केली. शेजारी माझं शिवणाचं दुकान. आम्ही दोघी एकाच बाकावर बसून दहावी झालेल्या.

आमच्या बॅचचं गेट-टुगेदर ठरलं तेव्हा पैसे कुणाच्या नंबरवर गोळा करायचे यावर ग्रुपवर नुसता काथ्याकूट चालला होता. शेवटी पुण्याच्या सुनीलनं लिहिलं, ‘अंजुमला पाठवा, बाकी कुणावर माझा भरवसा नाही.’ लगेच सगळ्यांचं एकमत झालं.

कुणाचेही पैसे आले की अंजुम फोन करून ‘पोचले’ म्हणून सांगायची. अगं, मेसेज टाकला तरी पुरे, असं मी म्हटलं तर म्हणाली, “त्या निमित्तानं आवाज तर ऐकू येतो.” सगळे भेटणार म्हणून बाई हरखून गेली होती.

मंगल कार्यालयाला ॲडव्हान्स द्यायला गेलो, तर तिच्या मोबाईलवरून पेमेंट जाईना. तशाच बँकेत गेलो. साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाले, “सायबर पोलिसांनी तुमच्या खात्यावर होल्ड लावलाय. फसवणुकीचा पैसा आलाय तुमच्याकडे.”

“साहेब, मी मिरच्या कुटते,” एवढंच अंजुम म्हणाली. साहेबांनी कागद काढून दिला. ज्या रकमेमुळे खातं अडकलं होतं, ती पाठवणाऱ्याचं नाव त्यावर होतं. सुनील.

बँकेच्या दारातूनच तिनं त्याला फोन लावला. तो रडायला लागला. कमिशनच्या लोभानं त्यानं आपलं खातं कुणाला तरी वापरायला दिलं होतं आणि गेट-टुगेदरचे पैसेही त्यातूनच भरले होते. “बायकोला माहीत नाही. माझं नाव काढू नको अंजुम, मी मिटवतो.” अंजुम म्हणाली, “बरं.” मला त्या ‘बरं’चा इतका संताप आला की घरापर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

खातं बँकेच्या अडचणीमुळं बंद आहे, एवढंच तिनं ग्रुपवर टाकलं. मग कुजबुज सुरू झाली, आणि ती गावातही पोचली. दोन दिवसांनी आमच्या वर्गातल्या ज्ञानेश्वरची आई, दगडाबाई, मिरच्या घेऊन आली आणि स्टूल ओढून मशीनसमोरच बसली.

“मावशी, बाजाराला न्हाई का जायचं?” अंजुमनं विचारलं.

“बसते की. ऊन लई हाय.”

बाहेर चांगलं ढगाळ होतं. अंजुमनं मान खाली घातली आणि मिरच्या कुटत राहिली.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला: ‘मैत्री आपल्या जागी, व्यवहार आपल्या जागी. अंजुमनं सगळ्यांसमोर हिशेब द्यावा.’ लिहिणारा सुनील.

तिला खरंच वाटेना. मला तिनं तो मेसेज परत वाचायला लावला. मग मशीन बंद करून कितीतरी वेळ ती भिंतीला टेकून बसली. मी सुनीलला शिव्या देत होते. शेवटी ती उठली, बँकेच्या कागदाचा फोटो काढला आणि एक शब्दही न लिहिता ग्रुपवर टाकला.

सुनील ग्रुपमधून बाहेर पडला. आता तरी कुणी माफी मागेल, निदान फोन करेल, म्हणून आम्ही दोघी मोबाईलकडं बघत बसलो. पहिला मेसेज ज्ञानेश्वरचा आला: ‘ते ठीक आहे, पण आमचे पैसे कधी मिळणार?’ त्याखाली बाकीचे एकेक करून लिहायला लागले, ‘हो, तेच विचारायचं होतं.’

अंजुमनं मोबाईल पालथा ठेवला.

“हेलन, गेट-टुगेदरसाठी टाकलेला माझा ड्रेस शिवू नको आता,” ती म्हणाली.

कापड मी सकाळीच कापलं होतं. तिला ते सांगायचा मला धीर झाला नाही.