बादलीतला बहर

टिली हावरिशकोशी मे महिन्यात गप्पा मारायला जाऊ नये. ती चहा देते, तोंडाने हं हं करते, पण डोळे खिडकीबाहेरच्या थर्मामीटरवर असतात. कॅनडातल्या आमच्या सस्कॅचवानच्या मैदानी मुलखात मे म्हणजे फसवा महिना. दुपारी बाह्या वर कराव्या लागतात आणि पहाटे कुत्र्याच्या भांड्यातलं पाणी गोठलेलं असतं. टोमॅटोची रोपं तेवढ्यासाठी मार्चपासून तिच्या न्हाणीघरात, जेवणघरात, टीव्हीवर बसलेली असतात. ओरेस्ट, तिचा नवरा, म्हणायचा, "या घरात मला बसायला जागा नाही, मलाही कुंडीत लाव."

ओरेस्ट गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याने मागे ठेवलं ते आलुबुखाराचं झाड. आमच्या थंडीत ते जगणारच नाही असं सगळ्यांनी सांगितलं होतं, म्हणूनच त्याने ते लावलं. दर हिवाळ्यात दोघं फावड्याने बर्फ ओढून त्याच्या बुंध्याशी ढीग करायचे, मुळं उबेत राहावीत म्हणून. गावात बाकीचे बर्फ दारातून बाहेर फेकायचे, हे दोघं परसात गोळा करायचे. ऑगस्टच्या शेवटी झाड लालभडक व्हायचं. टिली फळांचं सारण भरून पिरोही, म्हणजे आमची युक्रेनी करंजी, उकडायची आणि गल्लीपलीकडे माझ्याकडे एक ताट यायचं. आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. मध्ये कच्ची गल्ली, आणि माझ्या बाजूला कॅरागानाच्या झुडपांचं दाट कुंपण.

गल्लीच्या कडेला तिच्याकडे अजून एक झाड होतं. रानटी आलुबुखार, काटेरी, वेडंवाकडं. फळ सुपारीएवढं आणि इतकं आंबट की पक्षीसुद्धा विचार करून खायचे. पण त्याच्या फुलांतले पराग मधमाश्यांनी नेले, तरच चांगल्या झाडाला फळ धरायचं. एकटं झाड फुलतं, फळत नाही.

टिलीचं कमरेचं ऑपरेशन झालं त्या सप्टेंबरात तिचा मुलगा ड्वेन शहरातून राहायला आला. त्याने मन लावून काम केलं. गवत कापलं, पायऱ्या रंगवल्या, गल्लीकडचं रानटी झाड तोडून मुळासकट उपटलं आणि तिथे खडी पसरली. आई घरी आली तेव्हा तिला हाताला धरून परसात नेलं.

"बघ आई, किती उजेड आला. आता गाडी लावता येईल."

टिली वॉकर धरून उभी राहिली. "छान केलंस," म्हणाली.

पुढच्या मे महिन्यात ओरेस्टचं झाड पांढरंशुभ्र फुललं. मधमाश्या आल्या, गेल्या. जूनमध्ये फांद्यांवर नुसती पानं.

"त्याला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"का सांगू? लहानपणापासून त्या दोन झाडांखाली वाढला. बापाने दर वर्षी समजावलं, हा दर वर्षी 'हो, हो' म्हणाला. आता विचारू दे ना. एकदा तरी विचारू दे, आई, झाडाला काय झालं."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर माझ्या पोराला मी ओळखते असं समजेन."

पण स्वस्थ बसणारी ती नव्हे. दुसऱ्या वर्षी बहराच्या दिवसांत तिने मला गाडी काढायला लावली. गावाबाहेर ओढ्याच्या काठी रानटी झाडं आहेत. तिथून फुललेल्या फांद्या कापून आणल्या, आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत पाणी घालून त्यात उभ्या केल्या, आणि ओरेस्टच्या जुन्या पट्ट्याने ती बादली झाडात टांगली.

"नवरदेव भाड्याने आणलाय," ती म्हणाली.

त्या आठवड्यात बर्फ पडला. जुन्या चादरी, पलंगपोस, माझे पडदे, सगळं झाडावर घातलं, तरी फुलं काळी पडली. त्याच्या पुढच्या वर्षी फळं धरली आणि वाटाण्याएवढी झाल्यावर गारांनी झोडपली. त्यानंतरच्या वर्षी एक वाडगाभर आली. एकही तिने तोंडात टाकलं नाही. पिरोही करून फ्रीजरमध्ये ठेवली, जानेवारीत आमचा युक्रेनी नाताळ असतो तेव्हा ड्वेन येणार म्हणून. तो आला. फोन बघत बघत खाल्ली आणि मनापासून म्हणाला, "आई, मस्त. अगदी दुकानातल्यासारखी झालीय."

हे सांगताना टिली हसली. ते हसणं मला बघवलं नाही.

पुढच्या मे महिन्यात मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. तिला ओढ्यावर न्यायला कोणी नव्हतं. झाड फुललं आणि रिकामं राहिलं. ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, मी भोपळ्याचं गोड सारण भरलेली गरम पेस्ट्री घेऊन गेले तर परसात ड्वेन यांत्रिक करवतीत तेल घालत होता.

"मर्ना, तुम्हीच सांगा आईला. झाड म्हातारं झालंय. फळ नाही, काही नाही, नुसता पाचोळा."

टिली पायरीवर बसली होती. "म्हातारं नाही झालं. तू त्याचा जोडीदार तोडलास."

मग तिने सगळं सांगितलं. आवाज न चढवता, भाजीची कृती सांगावी तसं. ड्वेन ऐकत राहिला. त्याचे कान लाल झाले.

"मग तेव्हाच सांगायचं ना, आई. इतकी वर्षं गप्प बसलीस? मला काय स्वप्न पडणार होतं?"

"तुला विचारता आलं असतं."

"काय विचारू? झाडाबद्दल कोण विचारतं?" मग जरा मऊ होऊन तो म्हणाला, "मे महिन्यात दुसरं आणून लावतो. नर्सरीत मिळेल."

"ते फुलायला किती वर्षं लागतात माहितेय? आणि मी किती वर्षांची आहे ते माहितेय?"

 मला वाटलं, आता तरी उठून तिच्याजवळ बसेल. तो करवतीकडे बघत राहिला.

"मग काय करू? ठेवू का हे?"

"काप," टिली म्हणाली. "कापायला आलायस ना, मग काप. ओढ्यावर जाऊन भीक मागायचं वय नाही राहिलं माझं."

"टिली, राहू दे ना," मी म्हटलं.

"तू ती पेस्ट्री आत ठेव, मर्ना. गार होईल."

संध्याकाळच्या आत लाकडं रचून झाली. ड्वेनने ती अगदी नीट रचली.

त्या हिवाळ्यातही ती फावडं घेऊन बाहेर यायची. बर्फ ओढत ओढत झाड होतं त्या जागेपर्यंत न्यायची, मग थांबायची आणि तिथेच टाकून आत जायची.

मे महिना आला. ड्वेनचं नर्सरीत जायचं राहून गेलं. एका सकाळी मी कपडे वाळत घालायला गेले तर माझ्या कॅरागानाच्या कुंपणात मधमाश्यांचा गलका. फांद्या बाजूला केल्या. आत माझ्या उंचीचं काटेरी झाड, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. ड्वेनने ते रानटी झाड उपटलं, पण मुळं गल्लीखालून माझ्याकडे आली होती. एवढी वर्षं फुटवा कुंपणाच्या गर्दीत उंच होत होता, कोणाला दिसला नाही, आणि पहिल्यांदा फुलला तो आत्ता.

टिलीला सांगू नये असं वाटलं. पण आमच्या गल्लीत तिच्यापासून काही लपत नाही. दुपारी ती स्वतःच आली, हातात कात्री. कुंपणात डोकं घालून बराच वेळ बघत राहिली.

"आहे तर," म्हणाली.

सवयीने दोन फांद्या कापल्या. बादली आणायला गेली, पाणी भरलं, फांद्या त्यात उभ्या केल्या. गल्ली ओलांडून परसात गेली आणि पट्टा हातात घेऊन कापलेल्या झाडाच्या खुंटापाशी उभी राहिली. बादली टांगायला तिथे काही नव्हतं.