इरकलीचा वास

"कुटं मेलं हुतं हे?"

पार्सल फोडलं की काकूंचं पहिलं वाक्य हेच. आतली साडी दोन बोटांनी उचलायची, नाकाजवळ न्यायची आणि जिनं ती कधीकाळी नेसली असेल त्या न पाहिलेल्या बाईचा पंचनामा करायचा. "उंदरं पाळली हुती भवानीनं कपाटात."

जुळे सोलापुरात आमचे दरवाजे समोरासमोर. जुन्या साड्यांचा उद्योग आम्ही दोघींनी मिळून काढला. फोनवर साड्या हेरून मागवणं माझं, कुबट वास काढणं त्यांचं, विकणं दोघींचं. वाटणी स्पष्ट असली की भांडणं होत नाहीत.

पद्धत सांगून ठेवते, उपयोगी पडेल. कुबट कपडा लगेच भिजवायचा नाही. उलटा करून गच्चीवर वाऱ्याला टाकायचा. सुती असेल तर मग व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवायचा. रेशमाला ऊन चालत नाही, सोलापूरचं तर नाहीच. ते सावलीत झुलवायचं, आणि खाण्याच्या सोड्याची वाटी ठेवून ट्रंकेत कोंडायचं. वास उरला तर पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा धूप सुचवला, तर काकू म्हणाल्या, "वासावर वास घातला की दोन वास झाले की वैनी."

माणसांनाही त्या हीच परीक्षा लावत. तळमजल्यावरची नवी नवरी हळदीकुंकवाला आली, तेव्हा सगळ्यांदेखत तिचा पदर हुंगून म्हणाल्या, "ही नवी न्हाय. आईची हाय का बहिणीची?" पोरीचे डोळे भरले. आम्ही हसलो. तुम्हीही हसला असता. काकू बोलायच्याच तशा.

त्यांच्या तोंडून चांगलं ऐकू यायचं ते एकाच बाईबद्दल, पुण्याच्या सुनेबद्दल. लग्नात त्यांनी तिला काळी इरकल दिली होती. आदल्या दिवशी स्वतः फॉल लावत असताना काळा दोरा संपला, दुकानं बंद, म्हणून उरलेला फॉल जांभळ्या दोऱ्यानं पुरा केला. ही गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती. "अजून जपती बगा ती साडी. जीव हाय तिचा माझ्यावर." त्याच भरवशावर मुलाकडे कायमचं जायचं ठरलं, आणि काकूंनी समोरचा फ्लॅट विकायला काढून इसार घेतला.

त्यानंतर आलेल्या पार्सलात काळी इरकल होती. 'एकदाही न नेसलेली' असं लिहिलं होतं म्हणून मी मागवली. गच्चीवर तळमजल्यावरची ती पोरगीही कपडे वाळत घालत होती.

"शी! बाई म्हणायची का घूस?" काकूंनी सुरुवात केली आणि नेहमीप्रमाणे साडी उलटी केली. फॉल अर्धा काळ्या दोऱ्यानं शिवलेला होता, अर्धा जांभळ्या.

"सांगा की काकू," पोरगी म्हणाली, "कुणाच्या कपाटातली हाय?"

तिनं दोरा पाहिला होता. तिला उत्तर माहीत होतं.

"वास लई हाय," काकू एवढंच म्हणाल्या.

खाली आल्यावर मी परत पाठवू का विचारलं. "बेडा," त्या म्हणाल्या. माहेर अक्कलकोटकडचं, मनापासून नको असलं की कन्नडच तोंडात येई.

त्या साडीवर त्यांनी घेतली तेवढी मेहनत मी कुठल्याच कपड्यावर पाहिली नाही. वास पार गेला. मग दिवाळीची भेट म्हणून ती त्यांनी सुनेलाच पाठवली. "वळखली तर जाते," मला म्हणाल्या. "न्हाय वळखली तर इसार परत."

सुनेचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. काकूंनी स्पीकर लावला.

"आई, किती सुंदर! अशी माझ्याकडे नव्हतीच."

"फॉल बगितलास का गं?"

"फॉलसुद्धा लावून पाठवलात? कशाला एवढा त्रास घ्यायचा?"

"त्रास कसला," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, चला, इसार परत करून टाका. घर तुमचं, उद्योग चालू आहे.

"आन् बायका इचारतील, का गेला न्हाई म्हून? त्या खालच्या पोरीला काय सांगू?"

"काहीही सांगा."

"ती हसंल की वैनी."

मी नाही म्हणू शकले नाही. ती हसली असती. आम्हीही हसलो असतो.

काकू गेल्या. रिक्षात बसताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुनंला करमंना माझ्याबिगर."

परवा फोनवर साड्या बघत होते, तर तीच इरकल पुन्हा विकायला लागलेली. खाली लिहिलं होतं, 'कसलाही वास नाही.' फॉलचा फोटो वेगळा दिला होता, अर्धा काळा, अर्धा जांभळा. मुख्य फोटोत साडी पूर्ण उलगडून कुणीतरी समोर धरून उभं होतं. वरच्या काठावर दोन सुरकुतलेले हात दिसत होते आणि खाली दोन अनवाणी पावलं. मधलं सगळं माणूस साडीनं झाकलं होतं.