तलावातून गेलेली रेघ

माझा दीर प्रफुल याला कुणाला रस्ता विचारायची लाज वाटते. त्याचं मूळ दुखणं एवढंच, बाकी सगळं त्यातून फुटलेलं. सासूबाई सांगायच्या, लहानपणी किराणा आणायला धाडलं आणि चुकून भलत्याच क्वार्टरांच्या लायनीत शिरला, तरी हा कुणाला विचारायचा नाही. फिरून फिरून रिकाम्या पिशवीनं घरी यायचा आणि दुकान बंद होतं म्हणून सांगायचा. पुढे मोबाईल आला आणि त्यात नकाशे आले. तेव्हापासून त्याला कुणाला विचारायचं काम उरलं नाही, आणि आम्हाला त्याच्या हुशारीतून सुटका उरली नाही.

चंद्रपूरजवळ ऊर्जानगरात आमची क्वार्टरं लागून आहेत. आमचे हे आणि प्रफुल, दोघंही वीज केंद्रात. प्रफुल कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांवर आहे. आठ तास तिथे काळा होतो आणि उरलेला वेळ मोबाईलमध्ये बोट फिरवत बसतो. त्याच्यासारख्याच दहा-बारा जणांचा एक ग्रुप आहे, 'जंगल रायडर' म्हणे. रविवारी चांगला रस्ता सोडून नाल्यात, झुडपात गाड्या घालायच्या, गाळात फसायचं, एकमेकांना ओढून काढायचं आणि फोटो टाकायचे. आपल्याकडे बैलसुद्धा मारल्याशिवाय गाळात उतरत नाही. हे पेट्रोल जाळून उतरतात.

त्याच्यापायी यानं एक जुनी जीप घेतली. लोक गाडीत समोर गणपती बसवतात, तिथे यानं मोबाईलचं स्टँड बसवलं. मी म्हटलं, "भाऊ, तिथं देव ठेवतेत."

"वहिनी, देवाले रस्ता समजते काय? याले समजते."

एकदा दिवाळीच्या सफेदीनंतर मी देवघर पुन्हा मांडत होते, तर हा मोबाईल घेऊन देवांसमोर उभा. "तुमचे देव पूर्वेले नाईत, अकरा डिग्री सरकले हायेत." इतकी वर्षं त्यांच्यासमोर दिवा लावते, माझ्या देवांनी कधी तक्रार केली नाही. पण याला समजलं.

तो वाईट माणूस नाही, हेही लिहून ठेवते. वाईट असता तर आम्ही सावध तरी राहिलो असतो.

त्याची बायको करिश्मा गडचिरोलीच्या पुढच्या कोसमटोल्याची. तिचे वडील मनसाराम गावच्या तलावात मासे धरायचे. पहाटे डोंगा पाण्यात घालायचे, जाळं ओढायचे आणि उन्हं चढायच्या आत घरी. करिश्मा त्यांची एकुलती लेक, तिच्या पाठचा अमर. कमी बोलणारी बाई आहे. प्रफुल चारचौघांत तिला 'माझी को-पायलट' म्हणतो आणि जीपमध्ये मागे बसवतो.

मागच्या नवतप्यात, म्हणजे उन्हाळा अगदी पेटलेला असताना, प्रफुल एकटाच मोटारसायकलनं सासरवाडीला गेला. तेव्हा तलाव कोरडा पडला होता. तळाची माती फाटलेली, पोरं तिच्यावर क्रिकेट खेळत होती. याला जंगलातून एक बैलगाडीची वाट दिसली. तिच्यावरून हा तलावाच्या पोटातून आडवा गेला आणि थेट सासऱ्याच्या परसात निघाला. मोबाईलमध्ये त्या वाटेची रेघ उमटत होतीच, ती यानं जपून ठेवली आणि तिला नाव दिलं, 'सासरवाडी एक्सप्रेस'.

"सरकारले इतक्या वर्षांत हा रस्ता नाई सापडला, मले एका दिवसात सापडला," असं तो सासऱ्याला म्हणाला. मनसारामभाऊ हसले म्हणे. "जावईबापू, उन्हाळ्यात आमच्या बकऱ्याई तिथूनच येतेत."

हे त्यानंच घरी येऊन सांगितलं. त्याला वाटलं, सासऱ्यानं कौतुक केलं.

कार्तिकात एका सकाळी अमरचा फोन आला. मनसारामभाऊ पहाटे अंथरुणातच गेले. करिश्मानं फोन माझ्या हातात दिला आणि ओट्याला धरून खाली बसली. अमर थोरल्या बहिणीला बाई म्हणतो. म्हणाला, "वहिनी, बाईले लवकर घेऊन या. दिवस बुडाच्या आत माती करा लागते. तिच्यासाठी थांबतो, पन दिवसाच्या पुढं लोक नाई थांबू देत."

आमच्यात मातीच्या आधी लेकीनं बापाच्या तोंडात पाणी घालायचं असतं. ते तिच्या हातून राहिलं, की जन्मभर तिच्या मनाला टोचत राहतं. हे काही मला वेगळं समजावून सांगायला नको होतं, माझ्या आईच्या वेळी मी पोचले होते म्हणून मला ठाऊक आहे.

आमचे हे ड्युटीवर होते. फोनवर म्हणाले, बसनं जा, गडचिरोलीला बदला. प्रफुलनं ऐकलं नाही. "येष्टीची वाट पाहत बसू काय? जीपनं दोन वाजता पोचवतो." मग त्यानं दोर भरला, फावडं भरलं, दोन दोन चार्जर भरले, ग्रुपवर कायतरी लिहिलं. ती बाई चप्पल घालून दारात उभी आणि हा टायरची हवा पाहून राह्यला. निघेपर्यंत उन्हं डोक्यावर आली.

गडचिरोलीपर्यंत रस्ता डांबरी, तिथे चुकायला जागाच नाही, म्हणून तो चुकला नाही. गडचिरोलीच्या पुढे थोडं गेल्यावर एका मोरीपाशी यानं जीप खाली जंगलात उतरवली.

"भाऊ, डांबरी काऊन सोडली?"

"डांबरीनं मोठा फेरा पडते वहिनी. हे पाहा, रेघ. डायरेक्ट हिच्या घरामागं."

मोबाईलमधली बाई हिंदीत बोलायला लागली, जहाँ संभव हो, यू-टर्न लें. दोन वळणं गेली, ती पुन्हा तेच बोलली. पुन्हा तेच. त्या जीपमध्ये शहाणपणाचं बोलणारी ती एकटीच होती. प्रफुलनं तिचा आवाज बंद केला.

"तिले नवीन रस्ते माहीत नाईत," तो म्हणाला.

करिश्मा पदराच्या आड होती. तिनं विचारलं, "किती वेळ हाय?"

"दहा मिनिटं."

वाट कसली, दोन चाकोऱ्या. मध्ये कमरेएवढं गवत, दोन्हीकडून झुडपं काचेला घासत होती. वाघाचा मुलूख, म्हणून मी मनात नामस्मरण चालू ठेवलं. एके ठिकाणी गवताचे भारे घेतलेल्या दोन बाया बाजूला उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "थांबा, विचारून घेऊ." यानं काच वर केली आणि जाता जाता त्यांना हात केला, एखाद्या पुढाऱ्यानं करावा तसा. त्या भारे डोक्यावर घेऊन आमच्याकडे पाहत राहिल्या.

पुढे एक नाला लागला. जीप त्यात फसली, हा उतरला, दगड घातले, फावडं मारलं, निघाली. निघाल्यावर मोबाईलसमोर बोट नाचवून म्हणाला, "पाह्यलं? गाडी असावी तं अशी." मागे त्याची बायको बापाच्या मातीला चालली आहे, हे त्याच्या लक्षात होतं की नाही, देव जाणे.

करिश्मानं पुन्हा विचारलं, किती वेळ.

"दहा मिनिटं," हा म्हणाला.

उन्हं तिरपी झाली तेव्हा झाडी सरली. उतारावरून जीप बेशरमाच्या झुडपांत घुसली, पुढची चाकं चिखलात रुतली आणि बंद पडली. समोर पाणी होतं. थोडंथोडकं नाही, पार पलीकडच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, भरलेला तलाव, मध्ये शिंगाड्याचे वेल पसरलेले.

प्रफुलनं पाण्याकडे पाहिलंच नाही. तो मोबाईलकडे पाहत होता. दोन बोटांनी चित्र मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. "रेघ तं इथूनच जाते," म्हणाला.

पावसाळ्यात तलाव भरतो, हे या माणसाच्या डोक्यात आलंच नव्हतं. हा ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरात जन्मला, ढिवराच्या घरचा जावई झाला, आणि याला तलाव समजावून सांगायला मोबाईल पाहिजे.

करिश्मा दार उघडून खाली उतरली. तिनं पदर मागे केला आणि समोर पाहिलं. या बाजूनं ती कधी आलीच नव्हती, म्हणून तिला वेळ लागला. मग हळूच म्हणाली, "वहिनी, हा तं आमचाच तलाव व."

पलीकडे पाळीवर माणसं दिसत होती. पांढरे कपडे. डफड्याचा आवाज पाण्यावरून थोडा थोडा येत होता. गावची मसणवट पाळीच्या टोकाला आहे. ते निघाले होते.

ती साडीसकट पाण्यात शिरली, गुडघ्यापर्यंत, आणि अमरला हाका मारायला लागली. आवाज कुठवर जाणार. मी प्रफुलला म्हटलं, "हॉर्न वाजवा."

"थांबा वहिनी, आधी गाडी मागं घेऊ द्या, सायलेन्सरात पानी जाईन."

मी खिडकीतून हात घातला आणि हॉर्न दाबून धरला. तो माझ्या अंगावर ओरडत होता, बॅटरी उतरेल म्हणून. उतरू दे म्हटलं. मी हात काढला नाही.

पलीकडे डफडं थांबलं. माणसं आमच्याकडे वळलेली दिसली. मग पाळीखालून एक डोंगा सुटला.

डोंग्यात अमर उभा होता, बांबूनं रेटत येत होता. अंगावर सुतकाचं पांढरं फडकं, डोकं भादरलेलं. बापाची तिरडी खांद्यावरून उतरवून आला होता. डोंगा टेकताच प्रफुल पुढे झाला. "अमर, रेघ बरोबर होती गा. यंदा पानी जास्त हाय."

"पानी दरसाली येवढंच राह्यते, भाऊजी. बाई, बस. वहिनी, तुमीई बसा."

"अन् मी?"

"दोघीच बसतीन. तुमी फिरून या. मोबाईल हाये ना तुमच्यापाशी."

मला पोहता येत नाही. मी डोळे मिटून बसले आणि बांबू पाण्यात बुडल्याचा, निघाल्याचा आवाज ऐकत राहिले. पोचलो तेव्हा दिवस सागाच्या शेंड्यांवर होता. लोकांनी तिरडी पाळीवर ठेवली होती, तोंडावरचं कापड बाजूला केलं होतं. करिश्माची आई वच्छलाबाई पितळी गडू घेऊन उभी होती. करिश्मा ओल्या साडीनं बापाजवळ बसली, तोंडात पाणी घातलं, कपाळावरून हात फिरवला. एक म्हातारा म्हणाला, "बाई, दिवस चालला." तिनं हात काढून घेतला. एवढंच मिळालं तिला.

प्रफुल आला तेव्हा माती होऊन, सगळ्यांच्या आंघोळी होऊन, लोक अंगणात कडूनिंबाचा पाला चावत बसले होते. कमरेपर्यंत चिखल. जीप कुणी ओढून काढली, रस्ता कुणी दाखवला, ते त्यानं आजवर सांगितलेलं नाही. विचारावंच लागलं असेल कुणाला तरी. अंगणात उभा राहून पहिलं बोलला ते हे, "चार्जिंग कुठी लावू?"

वच्छलाबाईनं बोटानं भिंत दाखवली.

एवढ्यावर निभलं असतं तर मी ही पानं भरली नसती. माणूस चुकतो, देवही पदरात घेतो. पण तेरवीच्या दिवशी मांडवात पंगत बसली होती आणि हा आलेल्या पाहुण्यांना मोबाईल दाखवत होता. "हे पाहा, डोंगा माझ्या रेघेवरूनच गेला. बिलकुल रेघेवरून. डांबरीनं आलो असतो तं ही पोचलीच नसती." आणि पाहुणे माना डोलवत होते. एकानं तर ती रेघ स्वतःच्या मोबाईलमध्ये घेतली.

करिश्मा वरणाची बादली घेऊन वाढत होती. ती त्याच्यापाशी थांबली.

"डांबरीनं आलो असतो तं मी दुपारीच पोचली असती. बाबाजवळ बसली असती दोन-तीन घंटे."

"पन पोचलीस ना? पानी पाजलंस ना?"

"पाजलं."

"मंग?"

ती पुढच्या पानावर वरण वाढायला निघून गेली. यानं पाहुण्यांकडे पाहून हात उडवले, जसं काही बायकांना हिशेब कळत नाही. मी रोज संध्याकाळी दिव्यापाशी घरातल्या एकेकासाठी काहीतरी मागते. यांच्या गुडघ्यासाठी, पोरांच्या परीक्षेसाठी. त्या संध्याकाळी प्रफुलचं नाव आलं आणि मला मागण्यासारखं काही सुचलं नाही. मी पुढच्या नावावर गेले.

करिश्मा महिनाभर आईपाशी राहिली. काल परत आली. ती बसनं येणार हे तिनं मला कळवलं होतं, त्यालाही कळवलं होतं. तो जीप धुऊन पुसून चंद्रपूरच्या स्टँडवर गेला. तासाभरानं आमच्या दारासमोर ऑटो थांबला आणि ती एकटी उतरली, हातात वाळल्या मासोळ्यांची पिशवी. मी चहा ठेवला. तिनं अर्धा कप प्यायला तोच जीप आली.

"मी तिथं उभा होतो," प्रफुल दारातूनच म्हणाला. "लोकेशन पाठवलं होतं तुले, कुठी उभा हाय त्याचं. पाह्यलं नाई काय?"

"पाह्यलं," ती म्हणाली आणि पिशवीतल्या मासोळ्या सुपात काढून निवडायला बसली.