इस्त्रीवाल्याच्या डब्यातले पाम

आमच्या बरकतपुऱ्यातल्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीने इस्त्रीवाल्याला फसवलं. पामचं बी उगवेपर्यंत जिन्याखाली त्याचे पेरलेले डबे राहू देईन, असा शब्द दिला आणि इस्त्रीवाला दोन दिवस गावी जाताच सगळे डबे मागच्या कचऱ्यात उलटे केले.

बियांना ऊब मिळावी म्हणून तो डबे जिन्याखालच्या आपल्या इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवी. सात महिने कोंब दिसला नाही, तरी रोज पाणी शिंपडायचा. एका शर्टासाठी घासाघीस करणारा मी त्याला हसायचो.

परतल्यावर त्याने कचरा उपसला. एकेक बी लुंगीला पुसून पुन्हा मातीत ठेवलं. मी सेक्रेटरीला शिव्या घालत होतो.

“आप कायकू गरम होरे साब? बीज नींद में थे, करवट बदल लिए,” इस्त्रीवाला म्हणाला.

त्याने सोडून दिलं. मी सोडणार नाही. सेक्रेटरीसाहेब, रविवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगा, त्याला दिलेला शब्द कुणाला विचारून मोडलात?