गयाबाईंच्या हातचा बाप्तिस्मा

दोन फेब्रुवारीच्या मेणबत्त्यांच्या सणाला माझा नातू योसेफ जन्मला आणि थोड्याच वेळात गेला. दुसऱ्या दिवशी आमच्या धर्मशिक्षक मास्तरांनी त्याला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरायला लावले. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी बाप्तिस्म्याचे नियम पाहायला मागितलेले मिशनच्या कपाटातील ग्रंथ त्यांनी मला नाकारले. प्रापंचिकाने ईशज्ञानात डोके घालू नये, असे सुनावले. त्यानंतरच्या रविवारपासून योसेफला कुंपणाआत घ्या, या माझ्या अर्जांना फादर उत्तर देत नाहीत. जबाबदार हे दोघेच.

वादाचा मुद्दा असा. सून सुशीला अवेळी बाळंत झाली तेव्हा घरात शेजारच्या गयाबाईंखेरीज कोणी नव्हते. बाळ निळे पडू लागले. सुशीलेला उठवेना, म्हणून तिने सांगितले तसे गयाबाईंनी बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्म्याचे शब्द उच्चारले. गयाबाई बौद्ध. ख्रिस्ती नसलेल्या बाईच्या हातचा बाप्तिस्मा होतच नाही आणि बाप्तिस्मा नसलेल्याला कुंपणाआत जागा नाही, हा मास्तरांचा निर्णय. सुशीलेने रविवारच्या मिस्सेला, देवळातल्या उपासनेला, येणे सोडले. खरे सांगायचे तर वेदीसमोर माझेही गुडघे वाकेनात.

उपवासकाळात बदनापूरच्या फलाटावर बसून मी आणखी एक अर्ज खरडत होतो. बाकावरच्या अनोळखी सिस्टरनी विचारले, एवढा कोणावर राग? मी सारे सांगितले. त्यांची गाडी आली तेव्हा त्यांनी पिशवीतून बाप्तिस्मा वगैरे ख्रिस्ती संस्कारांवरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला, माझ्या मांडीवर ठेवला आणि त्या डब्यात चढल्या. नाव विचारायचे राहूनच गेले.

माझा जन्म दिवाणी कोर्टाच्या कारकुनीत गेला. कायद्याची पुस्तके पुष्कळ चाळली, पण हातातून सुटेना असा हाच एक ग्रंथ. शब्दकोश उघडा ठेवून मी ओळ ओळ सोडवत होतो. जेवणाची हाक ऐकू येत नव्हती. नियमांची भिंत भेटेल असे वाटले होते. भेटली ती दया, तीही कलमासारख्या स्पष्ट भाषेत. प्राण जात असतील तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकते, स्वतः तो न घेतलेली व्यक्तीसुद्धा. पाणी हवे, शब्द हवेत आणि ख्रिस्तसभा जे करते ते करण्याचा हेतू हवा.

पाणी होते. शब्द होते. हेतूचा पुरावा तेवढा उरला होता. मी चष्मा कपाळावर तसाच ठेवून गयाबाईंच्या दारी धावलो आणि पाणी घालताना मनात काय होते, असे उलटतपासणीच्या सुरात विचारले.

"भाऊ, ही कचेरी न्हाई," त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "सुशी म्हणली, अक्का, मी सांगते तसं म्हण. मंग तिच्या देवाघरी जे होत असंल ते लेकराचं बराबर होऊ दे, म्हणून म्हणलं. माझा बुद्ध काई रागावला न्हाई. तुमचेच लोक रागावून राह्यले."

मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडलो. मी अर्जांवर अर्ज करत होतो. कृपा मात्र माझ्या पहिल्या अर्जाच्याही आधी शेजारणीच्या ओंजळीतून येऊन गेली होती. प्रभू, तुझे आभार. त्या सिस्टरचे आणि गयाबाईंचेही. योसेफला मी आता तुझ्या हाती सोपवले आहे. तिथे माझी काही तक्रार नाही.

तक्रार इथे आहे. मास्तर आणि फादर, येत्या रविवारी मिस्सेनंतर भरल्या देवळात उत्तर द्या: योसेफचा बाप्तिस्मा ग्राह्य की नाही? ग्राह्य असेल तर ते कुंपण कधी सरकवता? उत्तर टपालाने पाठवू नका. सुशीला येईल, पहिल्या बाकावर बसेल. तिच्याकडे पाहून बोला.